तीस सप्टेंबरचा पट आणि सातवीचा गणिताचा मास्तर

दरवर्षी ३० सप्टेंबरला महाराष्ट्रातल्या शाळांचा पट गोठतो. त्या दिवशी हजेरीपटावर जितकी मुलं, तितक्यांवर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, होते. शाळेला किती शिक्षक मिळणार, मुख्याध्यापकाचं पद राहणार की जाणार, कोण अतिरिक्त ठरून समायोजनाच्या यादीत जाणार, हे सगळं त्या एका आकड्यावर. ज्या घरात नवरा-बायको दोघंही शिक्षक आहेत, तिथे दहावीच्या निकालापेक्षा या तारखेची धास्ती जास्त असते.

मुलं मोजून शिक्षक द्यायला माझा विरोध नाही. पगार सरकारी तिजोरीतून जातो, त्यामुळे मोजदाद झालीच पाहिजे. आक्षेप वेगळा आहे. सरकार पटाकडे पाऊसपाण्यासारखं पाहतं: तो वरून ठरतो, आपण फक्त मोजायचा. शाळेत वावरलेल्या कुणालाही हे पटणार नाही. मुलं आहेत म्हणून शिक्षक मिळतो हे जितकं खरं, तितकंच शिक्षक आहे म्हणून मुलं टिकतात हेही खरं. संचमान्यतेच्या तक्त्याला यातली पहिलीच बाजू दिसते, आणि या एकडोळेपणाचा सगळ्यात मोठा फटका सहावी, सातवी आणि आठवी या तीन इयत्तांना बसतो.

या तीन इयत्ता आपल्याकडे आधीपासूनच थोड्या बेवारशी. जुनी रचना अशी, की पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक, आठवीपासून माध्यमिक. त्यातही खासगी अनुदानित हायस्कूल बहुधा पाचवीपासूनच सुरू व्हायचं. कर्मवीरांच्या रयतेपासून तालुक्यातल्या पुढाऱ्याच्या संस्थेपर्यंत ज्यांनी ज्यांनी खेड्यात हायस्कूल नेलं, त्यांनी पाचवी ते दहावी असा सलग गट धरला. मग १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि त्याने पहिली ते पाचवी एक गट, सहावी ते आठवी दुसरा गट अशी फाळणी केली. म्हणजे पाचवी प्राथमिक शाळेकडे यायला हवी, आणि जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेला आठवी जोडायला हवी. कागदावर हे सोपं होतं. प्रत्यक्षात प्रत्येक इयत्तेच्या मागे शिक्षकांची पदं असतात आणि पद सोडायला कुणीच तयार नसतं. हायस्कुलांनी पाचवी सोडली नाही, जिल्हा परिषदेला आठवी सगळीकडे मिळाली नाही, आणि एकाच गावातली तीच चाळीस-पन्नास मुलं दोन शाळांच्या ओढाताणीत सापडली.

ही ओढाताण पाहायची असेल तर मे महिन्यात एखाद्या मोठ्या गावात जावं. दोन्हीकडचे मास्तर मोटारसायकलवरून घरोघर फिरत असतात. आमच्याकडे घाला, दप्तर देतो, वह्या देतो, रिक्षाचं भाडं आम्ही भरतो, अमक्या वाडीतून पाच मुली आणून द्या म्हणजे सायकलींचं बघू. हा खर्च शिक्षकांच्या खिशातून होतो, कारण पट दोनने घसरला तर त्यांच्यातल्याच कुणाला तरी शंभर किलोमीटर लांब जावं लागणार असतं. पालकाच्या दारात मास्तर हात जोडून उभा आहे, हे चित्र तसं वाईट नाही. एरवी उलटंच असतं. पण हात जोडण्याचं कारण मुलाच्या शिकण्यात नसून बदलीच्या भीतीत आहे, हे पालकांनाही चांगलं कळतं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी दोन अटी एकत्र दिल्या आहेत. एक, दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक. दुसरी, आणि माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची: प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, तोही अशा हिशोबाने की गणित-विज्ञानाला एक, सामाजिक शास्त्रांना एक आणि भाषांना एक मिळेल. पट शंभरावर गेला तर पूर्णवेळ मुख्याध्यापक, शिवाय कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक. यांपैकी निदेशक नावाचा प्राणी बहुतेक मुलांनी पाहिलेलाही नाही, ते सोडून देऊ. मुद्दा विषयांचा आहे. कायदा करणाऱ्यांनी पाचवीपर्यंत मुलांची डोकी मोजली आणि सहावीपासून विषयही मोजले. अकरा वर्षांच्या मुलासमोर बीजगणितातला पहिला 'क्ष' येतो, विज्ञानात पेशी आणि विद्युतमंडल येतं, इंग्रजीची वाक्यं लांबतात. एकाच गुरुजींनी सगळं शिकवण्याचे दिवस इथे संपतात. वर्गात आठ मुलं असोत की अठ्ठावीस, अपूर्णांकांचा भागाकार समजावायला गणित येणारा माणूस लागतोच.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. त्यात उच्च प्राथमिकचा, म्हणजे सहावी ते आठवीचा, पट वीसच्या खाली गेला, तर त्या वर्गांसाठी मंजूर शिक्षक शून्य. शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या, निवेदनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि बातम्यांमध्ये हा 'शिक्षकांचा प्रश्न' ठरला. हा मुळात मुलांचा प्रश्न आहे हे संघटनांनाही नीट सांगता आलं नाही, कारण त्यांच्या फलकांवर पहिली ओळ नेहमी पदांची असते.

समजा एका गावात सातवीपर्यंतची शाळा आहे. सहावीत नऊ मुलं, सातवीत आठ, मिळून सतरा. नव्या निकषाने या सतरा जणांना शिक्षक नाही. मग शिकवणार कोण? पहिली ते पाचवीसाठी जे दोघं मंजूर आहेत, तेच. म्हणजे दोन माणसं, सात इयत्ता. त्यातला एक बहुतेक वेळा प्रभारी मुख्याध्यापक, म्हणजे पोषण आहाराचा तांदूळ, यू-डायस या सरकारी प्रणालीत भरायची शाळेची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त त्याच्याकडे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना ना कारकून मिळतो ना शिपाई. निवडणूक, जनगणना आणि आपत्तीचं काम कायद्यानेच शिक्षकांवर टाकलं आहे. त्यात एक जण बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) असला, की मतदारयादीच्या मोसमात सात इयत्तांना एकच माणूस उरतो.

इथे सरकारचा एक अंतर्विरोध मला फार टोचतो. शिक्षक पात्रता परीक्षेचे, म्हणजे टीईटीचे, दोन पेपर आहेत. पहिला पेपर पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्यांसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी, आणि दुसऱ्यात गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र अशी निवड करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात, ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरला आहे अशा सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलं. म्हणजे वीस-वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला गुणवत्तेच्या नावाखाली पुन्हा परीक्षेला बसवायचं, आणि त्याच वेळी सातवीचं गणित दुसऱ्या पेपरशी संबंधच नसलेल्या माणसाकडे सोपवून संचमान्यता पूर्ण झाली म्हणायचं. परीक्षा घ्यायची तर जरूर घ्या. पण मग ज्या वर्गाला त्या पात्रतेचा शिक्षकच नाही, त्या वर्गाचं काय, हेही त्याच कठोरपणाने विचारा.

आणि ही सतरा मुलं कोण आहेत? संचमान्यतेच्या तक्त्यात याला रकाना नाही, मात्र सगळा प्रश्न तिथेच आहे.

पट घटण्याचं एक कारण सरळ लोकसंख्येचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ होता. दोन मुलांच्याही खाली. कोकणातल्या वाड्यांमध्ये तर तरुण जोडपीच उरली नाहीत. ती विरारला, नालासोपाऱ्याला, डोंबिवलीला आहेत. तिथल्या शाळेत सहावीत दोन मुलं असतील तर त्यात मास्तरांचा दोष शून्य आणि सरकारचाही फारसा नाही. हे मान्य करून पुढे जायला हवं, नाहीतर चर्चा नुसत्या आरोपांची होते.

दुसरं कारण पिवळ्या व्हॅनचं. ज्यांना परवडतं त्यांनी मुलं इंग्रजी माध्यमात घातली, आणि आता ज्यांना परवडत नाही तेही कर्ज काढून घालताहेत. व्हॅनमध्ये आधी मुलगा बसतो. बहीण गावच्या शाळेत राहते. ज्यांच्याकडे दोन पैसे आहेत, ज्यांचा ग्रामपंचायतीत आवाज आहे, त्यांची मुलं आधी जातात. मागे राहतात त्या मुली, मजुरांची मुलं, दलित वस्तीतली, पारधी पालावरची, आदिवासी पाड्यावरची मुलं, आणि आजी-आजोबांकडे ठेवलेली मुलं. पट चाळीसवरून सतरावर येतो तेव्हा संख्या फक्त कमी होत नाही, तिची जातही बदलते, वर्गही बदलतो. चाळीसातली तेवीस मुलं अशी होती की त्यांना घरी कुणीतरी अभ्यासाला बसवायचं. उरलेल्या सतरांना शाळेबाहेर विचारणारं कुणी नाही. ज्या मुलांना शिक्षकाची गरज सगळ्यात जास्त, नेमकी तीच उरल्यावर शिक्षक काढून घेण्याचा हा हिशोब आहे. यात कुणाचा कट नसेलही. पण परिणाम कटासारखाच होतो.

मराठवाड्यातलं आणि अहिल्यानगरच्या दक्षिणेकडचं चित्र याहून विचित्र आहे. ऊसतोडणीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे ३० सप्टेंबरला बीड, पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डी या भागातली मुलं आपल्या शाळेत हजर. पट भरलेला. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, कोयता निघतो, आणि नवरा-बायकोच्या जोडीबरोबर मुलंही पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांच्या तळावर जातात. इथे वर्ग ओस पडतो. तिकडे फडाजवळच्या गावातल्या शाळेत ही मुलं गेलीच तरी त्यांच्यासाठी वेगळा शिक्षक नसतो, कारण ती तिथल्या तीस सप्टेंबरच्या पटावर नसतात. पैसा आणि पद एका जिल्ह्यात, मूल दुसऱ्या जिल्ह्यात.

या स्थलांतरात नेमकं सहावी-सातवीचं वय सगळ्यात अडचणीचं ठरतं. सहा वर्षांचं मूल आजीकडे राहू शकतं. बारा वर्षांची मुलगी मात्र कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळायला, भाकरी थापायला, पाणी भरायला उपयोगी पडते. आणि तिला गावात एकटी ठेवायची तर आईबापांच्या जिवाला घोर. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, ती चांगली चाललेल्या गावांत मुलं खरोखर थांबतात. पण ती सुरू व्हायला उशीर झाला की मुलं तोवर गेलेली असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. सातवीतून शाळा सुटणं आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी हळद लागणं यांच्यात फार अंतर नसतं. त्या दोन-तीन वर्षांत मुलीला शाळेत धरून ठेवणारा घटक कोणता, तर रोज नाव घेऊन हाक मारणारी बाई किंवा सर. तेच पद आपण आकड्यावर तोलतो आहोत.

चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी या औद्योगिक पट्ट्यांत नेमकी उलट गत. तिथल्या जिल्हा परिषद शाळांत बिहार-उत्तर प्रदेशातल्या, लातूर-नांदेडच्या, यवतमाळच्या कामगारांची मुलं एका वर्गात दाटून बसलेली असतात. काहींना मराठी येत नाही, काहींचा मागच्या शाळेचा दाखला आलेला नाही, काही डिसेंबरमध्ये येतात आणि मेमध्ये खोली बदलली की जातात. ती सगळी मुलं शिकतात, पण मोजदादीत पुढच्या वर्षी येतात, तोवर निम्मी दुसरीकडे गेलेली असतात. एकीकडे सतरा मुलांना शून्य शिक्षक आणि दुसरीकडे साठांचा वर्ग सांभाळणारी एक बाई, ही दोन्ही चित्रं एकाच नियमातून निघतात. तो नियम वर्षातल्या एका दिवसावर उभा आहे.

सरकारला मुलांच्या आकड्यांवर संशय का, याचं उत्तर मात्र शिक्षण क्षेत्रानेच दिलेलं आहे. २०११ मध्ये नांदेडला तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी पटपडताळणी केली, मग ऑक्टोबरमध्ये ती राज्यभर एकाच वेळी झाली, आणि पटावर असलेली पण वर्गात नसलेली लाखो मुलं उघडी पडली. एकाच मुलाचं नाव तीन शाळांत, शेजारच्या शाळेतून उसनी आणलेली मुलं, मोजलेल्या मुलांच्या बोटाला शाई लावायची म्हटल्यावर सुट्टी जाहीर करणाऱ्या संस्था. अनुदान आणि पदं लाटायचा तो धंदा होता. त्यानंतर विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद ठेवणारी सरल प्रणाली आली, आधार जोडणी आली. बनावट पट कमी झाला हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण औषध आता भलत्यालाच लागतं आहे. आधार वैध असेल तरच मूल संचमान्यतेत धरायचं, असं ठरलं की गळतं कोण? संस्थाचालकाची बनावट मुलं केव्हाच गळाली. आता गळतो तो पालावरचा मुलगा, ज्याच्या जन्माची नोंदच नाही. गळते ती मुलगी, जिच्या आधारावर नावाची वेलांटी वेगळी आहे किंवा जन्मतारीख १ जानेवारी अशी ठोकून दिलेली आहे. ती रोज वर्गात बसते, खिचडी खाते, कविता म्हणते, पण शिक्षक मंजूर करताना ती अस्तित्वात नसते. मुख्याध्यापक शाळा सोडून आधार केंद्रावर रांगेत उभा, हे दृश्य तर आता इतकं नेहमीचं झालं आहे की त्यावर विनोदही होत नाहीत.

लहान शाळा बंद करून मोठ्या समूह शाळा काढाव्यात, या युक्तिवादाकडे मी गंभीरपणे पाहतो. २०२३ मध्ये राज्याने वीसपर्यंत पट असलेल्या शाळांची माहिती जमवली तेव्हा १४,७८३ शाळा, १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक असा आकडा पुढे आला. सरासरी काढली तर शाळेमागे बारा-तेरा मुलं आणि दोन शिक्षक. त्या वेळी नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातलं पानशेत इथल्या समूह शाळांचे दाखले देण्यात आले. दर मुलामागचा खर्च पाहिला तर अर्थखात्याला घाम फुटणं स्वाभाविक आहे. पैशाचं सोडा, शिक्षणाच्या बाजूनेही एक अडचण आहे. सातवीत तीनच मुलं असतील तर तो वर्ग होत नाही. वाद घालायला कुणी नाही, कबड्डीला संघ नाही, प्रयोगाला जोडीदार नाही. वयात येणाऱ्या मुलीला वर्गात एकही मैत्रीण नसणं ही लहान गोष्ट नव्हे. 'प्रत्येक वाडीवरची प्रत्येक शाळा आहे तशी टिकलीच पाहिजे' ही घोषणा मला देता येत नाही.

पण इथे पहिलीतलं मूल आणि सातवीतलं मूल यांत फरक केला पाहिजे, आणि सरकारी चर्चेत तो होत नाही. सहा वर्षांच्या मुलाला शाळा दाराशीच हवी. राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटर असं अंतर धरलेलं आहे, ते विचार करूनच. मोठी मुलं प्रवास करू शकतात. म्हणून एकत्र आणायचंच असेल तर सहावी ते आठवी आणावी, पहिली ते पाचवीला हात लावू नये. फक्त आधी वाहन, मग विलीनीकरण. आपल्याकडे क्रम उलटा चालतो. आधी पद जातं, मग वर्ग बंद पडतो, आणि बसचं पाहू असं म्हणत दोन पावसाळे निघून जातात. ओढ्याला पूर आला की तीन किलोमीटरचे तीस होतात. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, मानव विकास कार्यक्रमातल्या मुलींसाठीच्या गाड्याही आहेत, पण पास फुकट असून एसटी त्या रस्त्याने जातच नसेल तर पासाचं करायचं काय?

आता पट आणि शिक्षक यांच्या उलट्या बाजूकडे येतो. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ मध्ये जगभर गाजली; लोकांच्या मतांवर दिला जाणारा आंतरराष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे गेले तेव्हा ती बंद पडायच्या बेतात होती, पट बोटांवर मोजण्याइतका. काही वर्षांत तीच शाळा प्रवेशासाठी रांग लागावी अशी झाली. संचमान्यतेच्या तर्काने पाहिलं तर त्या शाळेला शिक्षक देणंच उधळपट्टी होती. सगळेच शिक्षक वारे गुरुजी नसतात, आणि एका अपवादावरून धोरण आखू नये, हे मान्य. पण साध्या पातळीवरही हेच घडतं. पाचवी झाली की पालक येऊन विचारतात, "सर, तुम्ही शिकवता चांगलं हो, पण पुढं गणिताला कोण आहे?" उत्तर नसेल तर जूनमध्ये दाखला मागितला जातो. एक गणित-विज्ञानाचा शिक्षक वेळेवर आला तर तेच पालक थांबतात. जागा रिकामी ठेवायची, त्यामुळे मुलं गेली की पट कमी म्हणून जागाच रद्द करायची, आणि शेवटी 'पालकांचाच कल नाही' असं म्हणायचं. हे असं चक्र आहे की त्यात कुणालाच कधी जबाब द्यावा लागत नाही.

गणित-विज्ञानाची जागा रिकामी का राहते, यालाही कारण आहे. जिल्हा परिषदेत विषय शिक्षक म्हणून काम करणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांनाच पदवीधर वेतनश्रेणी मिळते. बाकीच्यांनी वरचे वर्ग शिकवायचे, जबाबदारी वाढवून घ्यायची, आणि पगार प्राथमिक शिक्षकाचाच. बीएस्सी झालेला हुशार शिक्षक दुसरी-तिसरीचा वर्ग सोडून हे ओझं कशाला घेईल? पवित्र पोर्टलवरून होणाऱ्या भरतीतही उमेदवार येतात, पण दोन भरत्यांमध्ये वर्षानुवर्षं जातात. कायद्याने रिकाम्या जागा मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ देऊ नयेत असं म्हटलं आहे. मंजूर पदच शून्य केलं की रिकामी जागाही शून्य होते, ही त्यातली गंमत.

मग करायचं काय? माझ्या मते संचमान्यतेचं एकक शाळा न धरता केंद्र धरावं, निदान सहावी ते आठवीपुरतं. आपल्याकडे दहा-बारा शाळांचं एक केंद्र आणि त्याला केंद्रप्रमुख ही रचना तीसेक वर्षांपासून आहेच. नवं शैक्षणिक धोरण २०२० ज्या शाळासंकुलांबद्दल बोलतं, त्यातही शिक्षक वाटून घेण्याची कल्पना आहे. एका केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या सहावी ते आठवीची मुलं एकत्र मोजा. ती शंभर-सव्वाशे भरतील. त्यांच्यावर गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्राचे शिक्षक केंद्राला मंजूर करा, जिथे पट आहे तिथे कायम आणि जिथे पाच-सात मुलं आहेत तिथे ठरलेल्या वारी. आठवड्यातून तीन दिवस खरा गणिताचा शिक्षक येणं हे सहा दिवस कुणीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं. जिथे रस्ता आणि गाडी आहे तिथे मुलांनी यावं, जिथे नाही तिथे शिक्षकाने जावं. याच केंद्राला एक कारकून द्या. दहा शाळांची माहिती तो एकटा भरेल आणि दहा मुख्याध्यापक वर्गात परततील. त्या एका पगारातून जितके शिकवण्याचे तास वाचतील, तितके कोणत्याही प्रशिक्षणाने वाचणार नाहीत.

मोजणीही दोनदा व्हावी: एकदा ३० सप्टेंबरला आणि एकदा जानेवारीत. जानेवारीच्या मोजणीवर कायम पदं देऊ नका. पण तळावरच्या आणि औद्योगिक पट्ट्यातल्या शाळांना त्या चार महिन्यांपुरते हंगामी शिक्षक त्यावरून देता येतील. आधार नसलेलं मूल केंद्रप्रमुखाने प्रत्यक्ष पाहून सही केली की धरावं. खोटी सही करणाऱ्याची चौकशी करा, मुलाची करू नका.

या सूचनेला सगळ्यात आधी विरोध शिक्षकांकडूनच होईल याची मला कल्पना आहे. 'आमचा शिक्षक दोन शाळांत का पळवता' असं गावकरीही म्हणतील, आणि संघटना सेवाज्येष्ठतेचा मुद्दा काढतील. त्यांचं एक म्हणणं रास्त आहे: फिरत्या शिक्षकाला प्रवासभत्ता, पूर्ण पदवीधर वेतनश्रेणी आणि बदलीत प्राधान्य मिळालं नाही, तर ही शिक्षेची जागा होईल आणि तिथे तक्रार करता न येणारे नवखे लोकच ढकलले जातील. मुख्यालयी राहण्याच्या अटीचं आज जे नाटक चालतं, ग्रामसभेचा ठराव कागदावर आणि बिऱ्हाड तालुक्याला, तेही मग बंद करावं लागेल. केंद्राच्या गावात चार खोल्यांची शिक्षक निवासं बांधायला एका समूह शाळेच्या इमारतीइतका पैसा लागत नाही. बीड, नंदुरबार आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांत प्रत्येकी एका तालुक्यात दोन वर्षं हे करून पाहावं. पट कमी होण्याची तिन्ही ठिकाणची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे उत्तर कुठे लागू पडतं आणि कुठे नाही हे लगेच दिसेल. तोवर त्या तालुक्यांपुरता तरी मार्च २०२४ चा 'शून्य' थांबवून ठेवायला अर्थखात्याला फार मोठी रक्कम लागणार नाही.